उतरलेला ताप पुन्हा उलटतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न : बालआरोग्य

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे लहान मुलांची सर्दी, तिच्याबरोबर येणारा ताप आणि 'साध्या व्हायरलचे पुढे भलतेच काही होईल का' ही धास्ती यांविषयीची आहेत. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. सर्दीबरोबर तिला तीन दिवस १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ताप होता. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि ती पूर्ववत खेळू लागली. सहाव्या दिवशी संध्याकाळी मात्र पुन्हा १०३ ताप आला आणि खोकलाही वाढला. 'विषाणूचा ताप आहे, पाच-सहा दिवस घेईल' असे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितले होते. हा ताप त्याच हिशेबात धरायचा, की तिला पुन्हा दाखवायचे?

उत्तर : पुन्हा दाखवावे, आणि त्यासाठी आणखी दोन-तीन दिवस वाट पाहू नये. पहिल्या दिवशी मिळालेला सल्ला चुकीचा नव्हता. तो त्या दिवशीच्या तपासणीवर आधारलेला होता आणि सहाव्या दिवशी परिस्थिती बदलली आहे.

साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे येणारा ताप बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच असतो. इन्फ्लुएन्झामध्ये तो तीन-चार दिवस चढा राहतो, तर अडिनोव्हायरसच्या संसर्गात पाच ते सात दिवसही रेंगाळू शकतो. कालावधी वेगवेगळा असला तरी तापाचा मार्ग साधारण सारखाच असतो : तो सुरुवातीला जोरात असतो, मग दोन तापांमधले अंतर वाढत जाते, आणि एकदा गेला की सहसा परत येत नाही. मागे उरतात ते खोकला आणि वाहते नाक. खोकला दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही टिकतो आणि केवळ त्याच्या लांबण्याने घाबरण्याचे कारण नसते. याउलट, ताप पूर्ण जाऊन दिवस-दोन दिवस मूल चांगले राहिले आणि मग तो उलटला, तर विषाणूने मोकळ्या केलेल्या वाटेने जिवाणू आत शिरले आहेत का, हे पाहावेच लागते.

ही वाट मोकळी कशी होते, ते सांगितल्याशिवाय पुढचे नीट समजणार नाही. श्वसनमार्गाच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे रोमक असतात आणि ते अखंड हलत राहून धूळ, जंतू व कफ वर ढकलत असतात. विषाणू या अस्तराच्या पेशी मारतो, तेव्हा रोमकांचे हे झाडलोटीचे काम काही दिवस थांबते आणि कफ साचू लागतो. न्यूमोकोकस, हिमोफिलस यांसारखे जिवाणू अनेक निरोगी मुलांच्या नाकघशात एरवीही वस्तीला असतात व कोणताही उपद्रव देत नाहीत. पण उघड्या पडलेल्या अस्तरावर आणि साचलेल्या कफात त्यांना पाय रोवता येतात. इन्फ्लुएन्झाच्या विषाणूकडे तर न्यूरामिनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करेचे कण कापून जिवाणूंना चिकटण्याच्या जागा उघड्या करते. त्यात भर म्हणजे, विषाणूला आवरण्यासाठी शरीर जी इंटरफेरॉन नावाची रसायने सोडते, त्यांच्यामुळे जिवाणूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची कुमक काही काळ मंदावते. एका शत्रूकडे तोंड केले की दुसऱ्याकडे पाठ होते, तसाच हा प्रकार आहे. १९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाच्या महासाथीत दगावलेल्यांच्या फुप्फुसांचे जे नमुने जपून ठेवले गेले होते, त्यांच्या पुढे झालेल्या तपासणीतही बहुतेक नमुन्यांत जिवाणूजन्य न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या.

तरीही उलटलेला प्रत्येक ताप जिवाणूचाच असतो, असे मानू नये. अडीच वर्षांच्या मुलाला एक सर्दी संपता संपता दुसऱ्या विषाणूची लागण होणे ही नित्याची गोष्ट आहे. म्हणून या टप्प्यावर तपासणीला महत्त्व येते : डॉक्टर कानाचे पडदे पाहतील, श्वास मोजतील, छातीच्या दोन्ही बाजूंचे आवाज ताडून पाहतील आणि काही सापडले नाही तर लघवीची तपासणीही सांगतील. रक्ततपासणीचा आग्रह पालकांनी स्वतःहून धरू नये, असे माझे मत आहे. सीआरपी नावाची जी चाचणी जिवाणूसंसर्ग ओळखण्यासाठी वापरतात, ती अडिनोव्हायरसच्या संसर्गातही बरीच वाढलेली आढळते. त्यामुळे मुलाला न पाहता केवळ कागदावरच्या आकड्यावरून औषध ठरवले, तर चूक होण्याची शक्यता वाढते.

एक गोष्ट घरी जरूर करावी. ताप किती, किती वाजता मोजला आणि औषध केव्हा दिले, हे लिहून ठेवावे. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी चालू असताना 'ताप उतरला' या म्हणण्याला अर्थ राहत नाही; औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही, तरच तो उतरला असे समजावे. एका आईने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने केलेली अशी नोंद मला दाखवली होती, आणि पाचव्या दिवसाचा कोरा चौकोन व सहाव्या दिवसाचे तीन आकडे पाहूनच मी आधी मुलाचा कान तपासला होता.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. सर्दीच्या चौथ्या दिवशी त्याचा शेंबूड हिरवा-पिवळा झाला. मागच्या वेळची अँटिबायोटिकची अर्धी बाटली घरात शिल्लक होती, ती सुरू करावी असे मी सुचवले, पण सूनबाईंनी साफ नकार दिला. हिरवा रंग म्हणजे जंतू झाले, असेच आम्ही आजवर ऐकत आलो. संसर्ग छातीत उतरण्याआधी औषध दिलेले बरे नव्हे का?

उत्तर : आजोबा, या बाबतीत सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे. शेंबडाचा हिरवा रंग जिवाणूंचा नसून तिथे जमा झालेल्या पांढऱ्या पेशींचा असतो. या पेशींमध्ये लोहयुक्त हिरवट विकर असते आणि पेशी मरून कफात मिसळल्या की त्याचाच रंग कफाला चढतो. विषाणूच्या निव्वळ सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक असे घट्ट व हिरवे होते आणि पुढे आपोआप पुन्हा पातळ होऊन थांबते.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण तो पुष्कळ सुशिक्षित घरांतूनही येतो. 'पुढे काही होऊ नये म्हणून' आधीच दिलेले अँटिबायोटिक सर्दीनंतरचा न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग टाळते, असे आढळलेले नाही. विषाणूवर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. होते ते एवढेच की नाकघशातले औषधाला दबणारे जिवाणू मरतात, न दबणाऱ्यांना जागा मोकळी मिळते, आणि नंतर खरोखरच दुय्यम संसर्ग झाला तर तो या दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंचा असण्याची शक्यता वाढते. शिवाय जुलाब आणि अंगावर पुरळ हे औषधाचे नेहमीचे त्रास वेगळेच. उरलेल्या बाटलीविषयी तर चर्चाच नको : पाणी घालून तयार केलेले असे औषध ठरावीक दिवसांनंतर निकामी होते आणि मागच्या वेळचे माप मागच्या वेळच्या वजनाचे होते.

सायनसचा जिवाणूसंसर्ग लहान मुलांना होतो, पण तो रंगावरून ओळखत नाहीत. नाक वाहणे किंवा दिवसाचा खोकला दहा दिवसांनंतरही जराही कमी न होणे, बरे वाटत असताना पुन्हा ताप व त्रास वाढणे, किंवा १०२.२ अंशांवर ताप आणि पूसारखा शेंबूड हे दोन्ही सलग तीन दिवस एकत्र असणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टर त्या दिशेने विचार करतात. डोळ्याभोवती सूज आली तर मात्र दिवस मोजत बसू नये; त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न : मुलाला १०४ ताप होता. पॅरासिटामॉल दिल्यावर तो १०१ पर्यंतच उतरला. औषधाने ताप पूर्ण उतरत नसेल तर तो जिवाणूचा असतो, हे खरे आहे का? इतक्या तापाने मेंदूला इजा होते का? ओल्या पट्ट्या ठेवाव्यात का?

उत्तर : तिन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. ताप किती चढला यावरून किंवा औषधाने किती उतरला यावरून विषाणू आणि जिवाणू यांतला फरक कळत नाही. इन्फ्लुएन्झाचा ताप सहज १०४ पर्यंत जातो आणि न्यूमोनियातला ताप कधी कधी औषधाने तासाभरात उतरतो. संसर्गात मेंदू स्वतःच शरीराचे तापमान वरच्या पातळीवर नेऊन ठेवतो आणि त्याला आवरही घालतो. त्यामुळे संसर्गाचा ताप १०६ अंशांपलीकडे क्वचितच जातो, आणि केवळ तापाने मेंदूला इजा होण्याची पातळी त्याहूनही वर आहे. ऊन लागून किंवा बंद वाहनात अडकून तापणारे शरीर ही वेगळी अवस्था आहे, कारण तिथे हा आवर सुटलेला असतो.

पाहायचे ते औषधाने ताप थोडा उतरल्यावर मूल कसे आहे ते. १०१ वर आलेले मूल पाणी मागते, चित्रे पाहते, भावंडाशी भांडते, तर धीर धरता येतो. ताप ९९ वर आला तरी मूल मलूल पडून आहे, नजर देत नाही, उचलले की कण्हते किंवा जागे करूनही पुन्हा ग्लानीत जाते, तर त्या ९९ वर समाधान मानू नये.

औषध द्यायचे ते मुलाला बरे वाटावे म्हणून. थर्मामीटर खाली आणणे हा उद्देश नव्हे. पॅरासिटामॉलचे माप वयावरून नव्हे तर वजनावरून ठरते : एका वेळी दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारहून अधिक मात्रा नाहीत. थेंबांची बाटली आणि सिरपची बाटली यांतली तीव्रता वेगळी असते, आणि घरात होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच या एका गोष्टीमुळे होतात. म्हणून बाटलीवरचे 'इतक्या मिलिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम' हे वाचल्याखेरीज माप भरू नये. आयबुप्रोफेन सहा महिन्यांखालील बाळाला सल्ल्याशिवाय देऊ नये आणि उलट्या-जुलाबांनी कोरड पडलेल्या मुलाला तर मुळीच देऊ नये, कारण त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. ॲस्पिरिन मुलांना तापात देत नाहीत. इन्फ्लुएन्झा आणि कांजिण्यांत त्याचा संबंध यकृत व मेंदू यांना एकाच वेळी ग्रासणाऱ्या राय सिंड्रोमशी आढळलेला आहे.

गार पाण्याच्या पट्ट्यांनी त्वचा थंड होते, हुडहुडी भरते आणि शरीर उलट आतून अधिक उष्णता निर्माण करू लागते. मुलाला आवडत असेल तर कपाळावर ओला रुमाल ठेवायला हरकत नाही. रडत्या मुलाला धरून अंग पुसत राहण्यात मात्र कसलाही फायदा नाही.

प्रश्न : थोरल्याला सर्दी आहे. सात आठवड्यांच्या धाकटीलाही शिंका आणि १००.६ ताप आहे, पण ती दूध पिते. भावाचीच सर्दी लागली असेल, म्हणून थांबावे का?

उत्तर : थांबू नये, हे उत्तर आपल्या हाती पडण्यापूर्वीच आपण तिला दाखवले असेल, अशी आशा आहे. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप आला तर बाळ कितीही चांगले दिसत असले तरी, रात्र असली तरी, त्याच वेळी वैद्यकीय तपासणी हवी. वरील सर्व उत्तरांतला 'वाट पाहा' हा सल्ला या वयाला लागू नाही.

भावाची सर्दी लागली असण्याची शक्यता खरोखरच मोठी आहे. पण या वयात विषाणू सापडला तरी त्यामुळे जिवाणूचा संसर्ग नाही असे सिद्ध होत नाही. सर्दीचा विषाणू असलेल्या तान्ह्या बाळांपैकी काहींना त्याच वेळी लघवीचा जंतुसंसर्ग असल्याचे आढळते आणि त्याची बाहेरून काहीच खूण दिसत नाही. म्हणून लघवी आणि रक्त तपासतात, आणि पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या बाबतीत बहुधा पाठीतले पाणीही. तपासणीपूर्वी स्वतःहून तापाचे औषध देऊ नये. एवढ्या लहान बाळाचे अंग गार पडणे, म्हणजे तापमान ९६.८ अंशांच्या खाली जाणे, हेही तापाइतकेच गंभीर मानावे.

प्रश्न : दहा महिन्यांच्या बाळाची छाती घरघरते. ब्राँकिओलायटिस आहे, अँटिबायोटिकची गरज नाही, असे सांगितले गेले. पण तिसऱ्या दिवशी ते पहिल्यापेक्षा जास्त धापा टाकू लागले. आता न्यूमोनिया झाला असे समजायचे का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही, पण बाळाकडे बारकाईने पाहण्याचे हेच दिवस आहेत. ब्राँकिओलायटिस म्हणजे फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिकांना आलेली सूज. ती बहुतेक वेळा आरएसव्ही या विषाणूमुळे येते आणि दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला त्या विषाणूची लागण होऊन जाते. हा आजार पहिल्या दिवशी सौम्य असतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास शिखरावर पोहोचतो आणि मग ओसरतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी वाढलेली धाप या आजाराच्या स्वभावातच आहे. ताप असला तर तो सहसा हलका असतो, १०२.२ अंशांच्या वर ताप आणि छातीच्या एकाच बाजूला टिकून राहणारे आवाज असे दोन्ही असतील, तर डॉक्टर न्यूमोनियाचा विचार करतात.

घरी करता येण्याजोगी सर्वांत उपयोगी तपासणी म्हणजे श्वास मोजणे. बाळ शांत किंवा झोपलेले असताना, शक्यतो ताप उतरलेला असताना, कपडे वर करून पोटाच्या हालचाली घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजाव्यात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्या बाळांचा श्वास एकसारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे, दूध नेहमीच्या निम्म्यावर येणे किंवा आठ तासांत लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर मोजणीचा आकडा काहीही असो, बाळाला लगेच न्यावे. ओठ निळसर झाले किंवा श्वास मध्येच थांबू लागला, तर तो प्रसंग रुग्णवाहिका बोलावण्याचा आहे.

प्रश्न : प्रत्येक सर्दीनंतर माझ्या मुलाचा कान दुखतो. कानात पाणी गेल्यामुळे असे होते का?

उत्तर : नाही. मुलांमध्ये नाकाच्या मागून मधल्या कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते; सर्दीने ती सुजली की कानातला स्राव कोंडतो आणि त्यात जिवाणू वाढतात. सर्दीनंतरचा हा सर्वांत नेहमीचा दुय्यम संसर्ग आहे. रात्री झोपेतून किंचाळून उठणे, आडवे केले की रडणे आणि उलटलेला ताप या त्याच्या खुणा. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक लागतेच असे नाही : मूल मोठे असेल, एकच कान आणि दुखणे सौम्य असेल, तर वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास पाहण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात, आणि तो हलगर्जीपणा नसतो. कान फुटून पू आला, तर ठणका अचानक थांबतो. त्याने निश्चिंत न होता मुलाला दाखवावे आणि कानात घरातले कोणतेही थेंब किंवा तेल घालू नये.

प्रश्न : सलग पाच दिवस ताप आहे, डोळे लाल आहेत, ओठ फुटले आहेत. सर्दी फारशी नाही. हेही विषाणूचेच असेल का?

उत्तर : अडिनोव्हायरसमध्ये असे दिसू शकते. परंतु पाच दिवसांचा अखंड ताप, पू नसलेले लाल डोळे, लालबुंद ओठ व जीभ, पुरळ, हातापायांची सूज आणि मानेतली गाठ यांपैकी बऱ्याच गोष्टी एकत्र असतील, तर तो कावासाकी आजारही असू शकतो. जपानमधील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन केले. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना सूज येते आणि तापाच्या पहिल्या दहा दिवसांत उपचार मिळाले तर तिथली इजा पुष्कळ अंशी टळते. म्हणून मुलाला आजच दाखवावे आणि ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, ते तारखेसह सांगावे.

प्रश्न : मुलगी पाळणाघरात जाऊ लागल्यापासून दर महिन्याला आजारी पडते. तिची प्रतिकारशक्ती कमी आहे का? वाढवण्यासाठी काही टॉनिक?

उत्तर : लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे सामान्य आहे, आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षात त्याहूनही अधिक वेळा होते. दोन आजारांच्या मधल्या दिवसांत ती पूर्ण बरी असते, तिचे वजन वाढते आहे आणि सर्दी बहुतेक वेळा औषधाशिवाय जाते, तर प्रतिकारशक्ती आपले काम करते आहे. एका वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, वजन खुंटले किंवा वारंवार शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागले, तर तपासणीला कारण आहे. टॉनिकाने सर्दी टळत नाही.

दुय्यम संसर्ग टाळण्यासाठी ज्यांचा उपयोग खात्रीने होतो अशा गोष्टी थोड्या आहेत. न्यूमोकोकस आणि हिब (हिमोफिलस जिवाणूचा 'बी' प्रकार) यांच्या लसी, सहा महिन्यांनंतर दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस आणि गोवराची लस ही त्यांतली मुख्य. गोवराला तर कमी लेखूच नये. त्यानंतर होणारा न्यूमोनिया जीवघेणा ठरू शकतो आणि आधी कमावलेली इतर जंतूंविरुद्धची स्मरणशक्तीही गोवर पुसून टाकतो, त्यामुळे मूल पुढे दोन-तीन वर्षे सहज आजारी पडते. घरात कोणी धूम्रपान करत असेल, तर मुलांचे कान आणि छाती दोन्ही अधिक वेळा बिघडतात, आणि गच्चीत जाऊन ओढलेल्या सिगारेटचा धूरही कपड्यांबरोबर घरात येतो. आपल्या पत्रात मुलीच्या लसींचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तिचे लसीकरणाचे कार्ड बरोबर न्यावे आणि राहिलेल्या लसी कोणत्या, ते आधी विचारावे.